दिल्लीहून एका दिवसात (लेखांक ४) : पानिपतचा रस्ता

मागच्या आठवड्यात आपण लाल किल्ल्यातल्या दिवाण-ए-खासपाशी थांबलो होतो. तिथून निघण्याआधी मान वर करून छत बघा. आज ते लाकडी आहे. पूर्वी त्याला चांदी मढवलेली होती. १७६० च्या ऑगस्टमध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली, तेव्हा फौजेचा पगार थकला होता. त्यांनी ती चांदी उतरवली आणि तिची नाणी पाडली. पानिपतची ओढगस्त इथूनच दिसू लागते. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं : दिल्लीला याल तेव्हा एक दिवस पानिपतसाठी राखून ठेवाच.

अंतर सुमारे ९० किलोमीटर. काश्मिरी गेटहून बस मिळते, रेल्वेही आहे. गाडीनं गेलात तर वाटेत मुरथळला पराठे खायला थांबालच.

शाळेपासून माझी समजूत अशी, की अब्दाली उत्तरेकडून चालून आला आणि आपण दक्षिणेकडून त्याला आडवे गेलो. प्रत्यक्षात लढाईच्या दिवशी सगळं उलटं होतं. यमुनेला पूर होता आणि अब्दाली पैलतीरावर, दुआबात होता. त्या अवधीत भाऊ उत्तरेला गेले आणि ऑक्टोबरमध्ये त्यांनी कुंजपुरा जिंकला. तिथे धान्य मिळालं. पण तेवढ्यात अब्दालीनं बागपतजवळ नदी ओलांडली आणि तो मराठे व दिल्ली यांच्या मधोमध येऊन बसला. दिल्लीची वाट तुटली. आज आपण जो रस्ता दोन तासांत कापतो, तो त्या फौजेला अडीच महिने बंद होता. डिसेंबरात रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले. छावणीत लढवय्यांखेरीज बायका, यात्रेकरू, बाजारबुणगे अशी हजारो तोंडं होती. जनावरांना वैरण नव्हती, माणसांना दाणा नव्हता. १४ जानेवारी १७६१ ला सकाळी ते बाहेर पडले ते उपाशीपोटी, दिल्लीकडे तोंड करून. हे कळल्यापासून मुरथळचा लोण्याचा गोळा माझ्या घशाखाली सहज उतरत नाही.

जिथे ही लढाई झाली असं मानतात, ते काला आंब पानिपत शहराबाहेर आहे. रिक्षावाल्याला एवढं नाव पुरतं. जिथे आंब्याचं झाड होतं म्हणतात, तिथे आता कुंपणाच्या आत विटांचा एक स्तंभ आहे. बघायला फार काही नाही, पण घाई करू नका. दक्षिण कुठली ते विचारून घ्या आणि तिकडे तोंड करून थोडा वेळ उभे राहा.

वेळ उरला तर गावात इब्राहिम लोदीची कबर आहे. तो १५२६ च्या पहिल्या लढाईत पडला.

परतताना दिल्लीत शिरता शिरता डाव्या हाताला, यमुनेच्या बाजूला, बुराडी आहे. भाऊ उत्तरेत येण्याआधीच, १० जानेवारी १७६० ला, दत्ताजी शिंदे तिथे पडले. पुढच्या आठवड्यात आपण तिथे उतरू.