चित्र चोरा, खूण नको

१५१२ सालच्या जानेवारीत न्यूरेंबर्गच्या नगरसभेपुढे एक प्रकरण आलं. नगरगृहाच्या खाली कुणी परगावचा विक्रेता छापील चित्रं मांडून बसला होता आणि त्यांतल्या काहींवर चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररची खूण होती. खूण बनावट होती. सभेने ठरवलं, त्याने या खुणा सगळ्या काढून टाकाव्यात आणि तसलं एकही चित्र इथे विकू नये. ऐकत नसेल तर माल खोटा म्हणून जप्त करावा. ठराव पुन्हा एकदा वाचा. रागाचा रोख चित्राच्या नकलेवर नाहीच. गुन्हा काय, तर दोन अक्षरं चोरली.

दोनच अक्षरं. पाय फाकून उभा असलेला रुंद रोमन ए आणि त्याच्या पायांमधे नीट बसलेला छोटा डी. आज कलामहाविद्यालयातल्या मुलांना ‘पर्सनल ब्रँड’ उभारायचा सल्ला उठताबसता मिळतो आणि बहुतेक जण आधी लोगो काढायला बसतात. लोगो एका संध्याकाळी होतो. त्या दोन अक्षरांमागे ड्यूररने जे उभं केलं, त्याला आख्खं आयुष्य लागलं.

ड्यूरर १४७१ साली न्यूरेंबर्गमधे जन्मला, सोनाराच्या घरात. घडवलेल्या वस्तूवर कारागिराचा शिक्का हवा, हे त्याने लहानपणापासून पाहिलेलं. तांब्याच्या पत्र्यावर कोरून चित्र छापण्याची कलासुद्धा सोनारांच्याच कोरणीतून निघालेली. त्या कलेतला आदल्या पिढीचा उस्ताद मार्टिन शोनगाउअर, तोही सोनाराचा मुलगा, आपल्या चित्रांखाली आद्याक्षरं कोरायचा. १४९२ मधे तरुण ड्यूरर त्याला भेटायला कोलमारला पोचला, तर शोनगाउअर आदल्याच वर्षी वारलेला. भेट हुकली, पण आद्याक्षरांची रीत त्याने उचलली.

खरी उडी पुढची आहे. तांब्याचं काम उंची मानलं जाई. लाकडी ठशावरून छापलेली चित्रं मात्र स्वस्त, जत्रेत मिळणारी, संतांच्या तसबिरी आणि पत्त्यांच्या कॅटांच्या पंगतीतली. ती कुणी काढली हे कुणी विचारत नसे. ड्यूररने तीच खूण या लाकडी ठशांवर आणली. १४९८ मधे, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्याने बायबलच्या शेवटच्या ग्रंथावरची पंधरा मोठी चित्रं पुस्तकरूपात काढली, जर्मन आणि लॅटिन अशा दोन आवृत्त्यांत. प्रकाशक तो स्वतःच. पानभर चित्र, मजकूर पाठीमागे आणि प्रत्येक चित्रावर ए-डी. त्याचा धर्मपिता आंटोन कोबेर्गर शहरातला बडा मुद्रक होता, तेव्हा छापखाना कसा चालतो हे त्याला नवीन नव्हतं. तरीही चित्रकाराने स्वतः पुस्तक काढून आपल्या नावाने बाजारात आणावं, हे तेव्हा विलक्षणच होतं.

विकायचं कुणी? १४९७ मधे त्याने करार करून एक माणूस नेमला होता, गावोगाव, देशोदेशी फिरून चित्रं विकायला. बायको अग्नेस फ्रँकफर्टच्या जत्रेत माल घेऊन जायची. १५०६ च्या सुरुवातीला ड्यूरर व्हेनिसमधे होता, तेव्हा न्यूरेंबर्गच्या जत्रेत त्याच्या आईने दुकान मांडावं, असा निरोप त्याने मित्राच्या हाती पाठवला. (याच मित्राने, पिर्कहाइमरने, ड्यूररच्या मृत्यूनंतर अग्नेसला कजाग आणि पैशाची लोभी ठरवलं, आणि चरित्रकार कितीतरी काळ तेच गिरवत राहिले. गल्ल्यावर बसणारीच्या वाट्याला हे यायचंच.) एकट्या प्रतिभावंताचं म्हणून जे नाव आपण घेतो, त्याच्यापाठी हे सगळं घर उभं होतं.

आता मला सर्वांत मोह घालणारी गोष्ट. छापण्यासाठी पत्र्यावर जे कोरायचं ते उलटं कोरावं लागतं, आरशात दिसतं तसं. कागदावर उमटताना ते सुलट होतं. ए-डी या जोडीतला ए दोन्ही बाजूंनी सारखाच, त्याला उलटसुलट नाही. डीचं पोट मात्र चुकलं की लगेच दिसतं. ड्यूररच्या पत्र्यांवर तो अचूक उलटा कोरलेला असतो, म्हणून छापात सुलट येतो. १५०० च्या सुमाराच्या एका चित्रात मात्र छापातलाच डी उलटा आहे. त्या चित्रात एक चेटकीण बोकडावर शेपटीकडे तोंड करून बसली आहे आणि तिचे केस वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला उडताहेत. जिथे जगच उलटं झालंय, तिथे सहीसुद्धा उलटी. अनुभवी हाताची ही चूक असेल, हे अभ्यासकांना पटत नाही. मलाही नाही.

खूण तीच, पण ती चित्रात राहते कुठे हे दर वेळी नव्याने ठरतं. १५०४ च्या ‘अ‍ॅडम आणि ईव्ह’मधे अ‍ॅडमच्या हातातल्या फांदीवर एक पाटी लटकते, शेजारी पोपट, पाटीवर नाव, गाव, साल आणि खूण. १५१४ च्या चित्रात संत जेरोम खोलीत लिहीत बसलाय, आणि पाटी जमिनीवर पडली आहे, कुणाच्या हातून निसटल्यासारखी. सही कोपऱ्यात उरकलेली नाही, ती त्या खोलीतली एक वस्तू आहे.

चेहऱ्याचंही तसंच. तेराव्या वर्षी त्याने आरशात पाहून स्वतःला काढलं होतं. तो कागद व्हिएन्नाच्या आल्बेर्टिनात आहे. १५०० मधल्या आत्मचित्रात, जे आज म्युनिकला आहे, तो थेट समोर पाहतो. खांद्यांवर रुळणारे केस, फरच्या कॉलरपाशी हात. ही मांडणी तेव्हा बहुधा ख्रिस्ताच्या मुखचित्रासाठी राखीव असे. डोळ्यांच्या पातळीवर एका बाजूला साल आणि खाली ए-डी. हीच अक्षरं इसवी सनाचीही. इतका धीटपणा आजच्या कुठल्या प्रोफाइल फोटोत दिसलेला नाही.

हिशेबालाही तो पक्का होता. फ्रँकफर्टच्या याकोब हेलरसाठी वेदीमागचं मोठं चित्र रंगवताना त्याने कुरकुर केली, की एवढ्या वेळात कोरीवकाम केलं असतं तर हजार गिल्डर जास्त मिळाले असते. चित्र पाचशे वर्षं ताजं राहील, अशी हमीही दिली. १७२९ मधे म्युनिकच्या आगीत ते जळालं. कागदावरची चित्रं मात्र जगभर पांगली होती, त्यांना एका आगीचं भय नव्हतं.

तेवढ्याच लांबवर त्यांची चोरीही पोचली. मार्कांतोनियो राइमोंदी या इटालियन कोरकाराने ड्यूररच्या मेरीच्या जीवनावरच्या लाकडी ठशांच्या नकला तांब्यावर केल्या, त्या खुणेसकट. ड्यूररने व्हेनिसच्या सरकारकडे दाद मागितली आणि फक्त खूण वापरण्यावर बंदी मिळवली, असं कलाकारांची चरित्रं लिहिणाऱ्या वासारीने पुढे कितीतरी वर्षांनी लिहिलं. वासारीच्या गोष्टी जपूनच घ्याव्यात. १५११ च्या पुस्तकांच्या शेवटी मात्र ड्यूररने दुसऱ्याच्या कष्टांवर डल्ला मारणाऱ्यांना चांगलंच फटकारलं आहे आणि सम्राट माक्सिमिलियानच्या सनदेचा धाक घातला आहे. चित्राची मालकी ही कल्पना तेव्हा धूसर होती. या मालाची जबाबदारी माझी, असं सांगणारी खूण खोटी असणं, ही मात्र शहराला कळणारी फसवणूक होती.

आणि मग गोव्याहून निघालेला गेंडा. गुजरातच्या सुलतान मुझफ्फरशहाने तो पोर्तुगीजांना भेट दिला होता. १५१५ च्या जानेवारीत तो गोव्याहून जहाजात चढला आणि मे महिन्यात लिस्बनला उतरला. रोमन काळानंतर युरोपने जिवंत गेंडा पाहिला नव्हता. एक पत्र आणि रेखाटन न्यूरेंबर्गला पोचलं, आणि ड्यूररने गेंडा न पाहताच ठसा काढला: अंगावर चिलखताची पानं, पायांवर खवले, आणि मानेवर चक्क दुसरं, पिळाचं शिंग. त्याच वर्षी आउग्सबुर्गच्या हान्स बुर्कमायरनेही गेंड्याचा ठसा काढला. तो खऱ्या जनावराच्या पुष्कळ जवळचा आहे. त्याची एकच प्रत आज उरली आहे. ड्यूररच्या ठशाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या, प्राणिशास्त्राच्या ग्रंथांत त्याच्या नकला छापल्या गेल्या आणि ते मानेवरचं शिंग अठराव्या शतकापर्यंत युरोपच्या डोळ्यांत राहिलं. खरा गेंडा पोपकडे भेट म्हणून जाताना १५१६ च्या सुरुवातीला इटलीच्या किनाऱ्याजवळ बुडाला होता. नावाला एकदा वजन आलं की त्याची चूकही खऱ्यासारखी चालते, आणि आजच्या ब्रँडगुरूंच्या यादीत हा धोका मला कुठे दिसत नाही.

१५२८ मधे ड्यूरर गेल्यावर त्या खुणेचा भाव आणखी चढला. मग व्यापारी आणि संग्राहक इतरांच्या रेखाटनांवरही बिनदिक्कत ए-डी काढू लागले. याचा परिणाम असा, की आज एखादं रेखाटन ड्यूररचं म्हणून समोर आलं, तर जाणकार केवळ खुणेवर विसंबत नाहीत. कागद पाहतात, त्यातल्या जलचिन्हाचा माग काढतात, आणि रेष त्याच्या हाताची आहे का ते तपासतात.