चित्रफितीतील षड्ज

ग्वाल्हेरच्या हजिरा भागात महंमद घौस यांच्या भव्य मकबऱ्याशेजारी तानसेनाची साधी समाधी आहे. १९२४ साली तेथे सुरू झालेल्या संगीतोत्सवाने २०२४ साली शताब्दी साजरी केली. ख्यालगायनाचे हे आद्य पीठ. शंकर पंडित, कृष्णराव पंडित यांच्यासारख्या मराठी घराण्यांनी ते नांदते ठेवले. गाणे कानी जपणाऱ्या अशा नगरात एखाद्या लष्करवासी मराठी कुटुंबाच्या कपाटात जुन्या मैफलीची कॅसेट सापडली आणि घरातील तरुणाने ती संगणकावर संकलनासाठी घेतली, म्हणजे एक नाजूक प्रश्न उभा राहतो. चित्र उतरते, आवाजही उतरतो. पण गायकाचा षड्ज जागेवर राहतो काय?

प्रथम ‘आयात’ या शब्दाविषयी. संकलनाचा कार्यक्रम फाइल पोटात घेत नाही, तिचा केवळ पत्ता टिपून ठेवतो. मूळ फाइल दुसरीकडे हलविली की पडद्यावर ‘माध्यम उपलब्ध नाही’ अशी पाटी झळकते व नवशिका घाबरतो. वास्तविक काहीही हरवलेले नसते. नवा पत्ता दाखविला की काम भागते.

फाइल मुळीच उघडत नसेल, तर पेटी आणि पेटीतला जिन्नस यांत भेद करावा. एमपी-फोर ही पेटी. चित्र आवळून बसविण्याची रीत, म्हणजे कोडेक, हा जिन्नस. अडचण पेटीचीच असेल, तर जिन्नस तसाच ठेवून पेटी बदलता येते व चित्राची तसूभरही हानी होत नाही. जिन्नस नव्याने आवळला, तर मात्र दर खेपेस थोडे तेज उणावते. म्हणून संकलनापूर्वी प्रोरेस किंवा डीएनएक्सएचडी अशा ऐसपैस स्वरूपात एकदाच रूपांतर करणे शहाणपणाचे. जागा पुष्कळ लागते हे खरे. साध्या डीव्ही टेपचा एक तासदेखील सुमारे १३ गिगाबाइट व्यापतो.

आता षड्जाकडे वळावे. सिनेमाची फीत सेकंदाला २४ चित्रे दाखविते, तर भारतीय दूरदर्शनची जुनी ‘पाल’ पद्धती २५. फीत २५ च्या गतीने चालविली की तासाभराची मैफल ५७ मिनिटे ३६ सेकंदांत आटोपते आणि स्वर अर्ध्या स्वरांतराहून अधिक चढतो. काळी एकमध्ये गाणारा गवई पांढरी दोनच्या जवळ ऐकू येतो! आवाजाचे नमुने सेकंदाला ४४,१०० घेतलेले असता ते ४८,००० समजून वाजविले, तर चूक दीड स्वरांतराची होते. लग्नाच्या चित्रफितीत हे खपून जाईल. पण ज्या विद्यार्थ्याला ही फीत ऐकूनच जुन्या गवयाचा आवाज ओळखावयाचा आहे, त्याची ती शुद्ध फसवणूक होय. अशा वेळी आवाजाची गती कायम राखून चित्रांचीच भरती करण्याचा पर्याय निवडावा. हालचालीत किंचित धक्का जाणवेल, तो सोसावा.

मोबाइलची तऱ्हा निराळी. तो प्रकाश कमीजास्त झाला की चित्रांची गती बदलतो. संकलनाचा कार्यक्रम ती स्थिर मानून चालला आणि हजारात एका चित्राची तफावत पडली, तरी तासाअखेर साडेतीन सेकंदांहून अधिक अंतर पडते. तबल्यावर सम येऊन जाते आणि पडद्यावरील हात अजून हवेतच! हँडब्रेकसारख्या मोफत साधनाने आधी गती स्थिर करून घेतली की ही विसंगती टळते. जुन्या कॅसेटच्या चित्रात हाताच्या कडांना कंगव्यासारखे दाते दिसतात, तेही भुताटकी नव्हेत. त्या पद्धतीत सम व विषम ओळी आळीपाळीने टिपल्या जात. त्यांचा क्रम नीट सांगून ओळी एकजीव कराव्या लागतात.

रूपांतर बिनचूक झाले की नाही, हे पाहण्याची एक युक्ती ध्वनिमुद्रकांना ठाऊक आहे. जुन्या मुद्रणात बहुधा विजेची बारीक घरघर मिसळलेली असते. भारतात विजेची वारंवारता ५० हर्ट्झच्या आसपास असते. घरघर ५२ च्या घरात आढळली, तर फीत वेगाने धावल्याचा संशय घ्यावा; ५४ च्या पुढे गेली, तर नमुन्यांचा घोटाळा. मग मूळ कॅसेटकडे परत जावे लागते. ती तोवर रद्दीत गेलेली नसावी, एवढेच.