मुलं घरी एकटी असताना साप-विंचू चावला तर

भाताच्या आवणीत पोशेऱ्यासारख्या गावांत मोठी माणसं दिवसभर शेतावर आणि मुलं घरी एकटी असतात. अशा वेळी 'दार लावून बस' एवढंच सांगून भागत नाही.

लाकडांच्या ढिगात हात घालायचा नाही, हे मुलाला शिकवा. काही चावलंच तर जागेवर बसून शेजारच्यांना मोठ्याने हाक मारायची. पळायचं नाही, चावलेला भाग हलवायचा नाही, घट्ट बांधायचा नाही. साप शोधायचा नाही.

विंचू चावल्यावर मूल रडतं, त्यामुळे लगेच कळतं. मण्यारचा दंश मात्र बरेचदा दुखत नाही, सुजतही नाही. काही तासांनी पापण्या जड होतात, गिळता येत नाही, मग श्वास अडतो. ओरडा बसेल म्हणून मुलं गप्प राहतात. म्हणून 'दुखलं नाही तरी सांग, कुणी रागावणार नाही' हे पुन्हा पुन्हा सांगा, आणि खरंच रागावू नका.

भगताकडे वेळ घालवू नका. सापाच्या विषावरचं इंजेक्शन दवाखान्यातच मिळतं. लाल विंचवाच्या दंशात घाम, उलट्या, हातपाय गार पडणं दिसलं, तरीही दवाखानाच गाठा. 108 ला फोन करा. रेंज नसेल तर मिळेल त्या गाडीने निघा.