दुर्गभ्रमण आणि कुमारांचे मनःस्वास्थ्य

माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्याचे वय हे शरीराच्या आणि मनाच्या स्थित्यंतराचे वय होय. या वयातील अस्वस्थता पुष्कळदा आळस, उद्धटपणा किंवा अभ्यासातील अनास्था यांच्या रूपाने प्रकट होते. त्यामुळे तिचे खरे स्वरूप वडीलधाऱ्यांच्या ध्यानी येत नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वर्षे या वयोगटात मानसिक विकारांचे प्रमाण सुमारे ७.३ टक्के आढळले. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात सरासरीने तिघे जण अशा अवस्थेत असावेत. मैदानी उपक्रमांनी या वयातील मुलांस कितपत साह्य होऊ शकेल, आणि होत असल्यास ते कशामुळे, याचा विचार येथे मावळ तालुक्याच्या संदर्भात करावयाचा आहे.

निसर्गाच्या सान्निध्यात मन शांत होते, ही समजूत सर्वपरिचित आहे आणि ती निराधारही नाही. परंतु तेवढ्याने मावळातील प्रश्न सुटत नाही. पवन मावळातील शेतकऱ्याच्या मुलास डोंगर रोजच दिसतो आणि भाताच्या लावणीत तो दिवस दिवस चिखलात राबतो. तरीही परीक्षेची धास्ती आणि एकाकीपणा त्याला चुकत नाहीत. यास्तव केवळ मोकळी हवा अथवा शारीरिक श्रम यांत उपक्रमाचे मर्म शोधणे पुरेसे नाही.

अल्बर्ट बॅन्ड्यूरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली मांडलेला स्वसामर्थ्य-प्रत्ययाचा सिद्धान्त येथे उपयोगी पडतो. ‘हे मला साधेल’ हा विश्वास उपदेशाने फारसा येत नाही. अवघड वाटलेली गोष्ट स्वतः पार पाडल्याने तो दृढ होतो. साहस-शिक्षणावरील ९६ अभ्यासांचा एकत्रित आढावा जॉन हॅटी व त्यांचे सहकारी यांनी १९९७ साली प्रसिद्ध केला. अशा शिक्षणाने झालेला लाभ पुढेही टिकतो, किंबहुना वाढतो, असे त्यांस दिसून आले. मात्र निरनिराळ्या उपक्रमांच्या परिणामांत मोठी तफावत होती, आणि दीर्घ मुदतीचे उपक्रम अधिक फलदायी ठरले होते. वर्षातून एकदा निघणाऱ्या सहलीपासून फार अपेक्षा का ठेवू नये, याचे उत्तर यातच आहे.

या दृष्टीने लोहगडाची वाट ही एक क्रमबद्ध पाठमालाच मानता येईल. पहिल्या खेपेस मळवली स्थानकापासून भाजे लेण्यांपर्यंतच जावे. दुसऱ्या खेपेस लोहगड व विसापूर यांमधील गायमुख खिंड गाठावी. तिसऱ्या खेपेस गणेश, नारायण, हनुमान व महा हे चार दरवाजे ओलांडून माथा गाठावा. प्रत्येक टप्पा मागच्यापेक्षा किंचित कठीण, तथापि आवाक्यातला असावा. वाट दाखविणे, पाण्याचा हिशेब ठेवणे, मागे राहिलेल्यास सांभाळणे ही कामे विद्यार्थ्यांकडे आळीपाळीने सोपवावीत. सर्वांत सावकाश चालणाऱ्यास पुढे ठेवून त्याच्या चालीने सर्वांनी चालावे. त्यामुळे जो वर्गात नेहमी मागे पडतो, त्याच्यावर येथे सर्वांची भिस्त राहते. परतल्यावर काय कठीण वाटले आणि ते कसे निभावले, यावर अर्धा तास बोलणे व्हावे. या संभाषणावाचून अनुभवाचे शिक्षणात रूपांतर होणे कठीण.

दोन मर्यादा येथे सांगणे अगत्याचे आहे. पहिली सुरक्षिततेची. पावसाळ्यात या पायऱ्या निसरड्या होतात आणि ओढ्यांचे पाणी अकस्मात वाढते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या परिसरात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. भीतीवर मात करणे आणि धोका ओढवून घेणे यांत अंतर आहे. म्हणून हिवाळ्याचे महिने निवडावेत, आणि ज्या मुलास पुढे जावयाचे नाही त्याचा नकार निमूटपणे मान्य करावा.

दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची. गडावर जाणे हा उपचार नव्हे. सतत खिन्न असणारा, झोप व भूक गमावलेला किंवा जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा बोलणारा विद्यार्थी तज्ज्ञाकडेच पाठविला पाहिजे. २०२२ साली सुरू झालेल्या टेलि-मानस सेवेशी १४४१६ या क्रमांकावर संपर्क साधता येतो. मात्र असे मूल ओळखू येण्याची संधी या भ्रमणात पुष्कळ मिळते. बाकावर मुका बसणारा मुलगा चढणीवर शिक्षकाच्या जोडीने चालताना बोलू लागतो. शिक्षकाने त्या वेळी घाई न करता ऐकून घेतले, तर त्या वाटचालीचे बरेच सार्थक झाले असे म्हणावयास हरकत नाही.