डोंगराळ प्रदेशावरील विमानांची किमान सुरक्षित उंची : निश्चितीची पद्धत आणि नियंत्रकाची जबाबदारी

प्रस्तावना

24 जानेवारी 1966 रोजी एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ हे बोइंग 707 विमान जिनिव्हाकडे उतरत असताना आल्प्स पर्वतातील माँ ब्लाँ शिखराजवळ आदळले. विमानातील सर्व 117 जण मृत्युमुखी पडले. डॉ. होमी भाभा त्यांपैकी एक होते. भाभांमुळे या अपघाताविषयी घातपाताच्या कथा पुढे अनेक वर्षे सांगितल्या गेल्या आणि फ्रेंच चौकशीचा निष्कर्ष बाजूला पडला. तो निष्कर्ष अधिक साधा आणि म्हणूनच अधिक अस्वस्थ करणारा आहे. विमानातील दिशादर्शक यंत्रणेचा एक ग्राहक संच बंद होता. शिखराच्या संदर्भात आपण कोठे आहोत याचा वैमानिकाचा अंदाज चुकला होता. रडारवरील नियंत्रकाला ही चूक दिसली व त्याने शिखर अजून पाच मैल असल्याचे कळविले. परंतु शब्दयोजना पुरेशी नेमकी नसल्याने, शिखर ओलांडले आहे असा वैमानिकाचा समज झाला व त्याने उतरणे चालू ठेवले.

त्यापूर्वी विमान 19,000 फुटांच्या पातळीवर होते. माँ ब्लाँची उंची सुमारे 15,770 फूट आहे. म्हणजेच सुरक्षित अंतर ठरलेले होते आणि ते पुरेसेही होते. चुकले ते स्थान. किमान सुरक्षित उंची ही संकल्पना समजून घेताना आकड्याइतकेच या मुद्द्याकडे लक्ष द्यावे लागते.

आकडा कसा ठरतो

नियंत्रक आपल्या पडद्यासमोर बसून ही उंची ठरवितो, असा एक सर्वसाधारण समज आढळतो. वस्तुतः ती आधीच ठरलेली असते. उड्डाणमार्गांची आखणी करणारे तज्ज्ञ भूप्रदेशाचे नकाशे, मनोरे व इतर अडथळ्यांच्या नोंदी यांवरून ती काढतात आणि संबंधित देशाची यंत्रणा ती प्रसिद्ध करते. नियंत्रकाकडे येतो तो तयार तक्ता. त्याखालची उंची विमानाला न देणे, हे त्याचे काम.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या निकषांनुसार सर्वसाधारण प्रदेशात सर्वोच्च अडथळ्यावर किमान 300 मीटर, म्हणजे सुमारे 1,000 फूट, मोकळे अंतर ठेवले जाते. 18.5 किलोमीटरच्या अंतरात जमिनीच्या उंचीत 900 मीटरहून अधिक फरक पडत असेल, तर तो प्रदेश ‘डोंगराळ’ गणला जातो. हवाई मार्गांसाठी तेथे हे अंतर 450 मीटर होते, आणि फरक 1,500 मीटरहून अधिक असल्यास 600 मीटर. ही वाढ अतिसावधगिरीपोटी नाही. कड्यांवरून वाहणाऱ्या जोरदार वाऱ्यामुळे हवेचा दाब स्थानिकरीत्या बदलतो व विमान वरखाली फेकले जाते. 300 मीटरची गादी अशा ठिकाणी पातळ ठरते.

आपल्या परिचयाचे उदाहरण घ्यावयाचे तर कळसूबाईचे घेता येईल. शिखराची उंची 1,646 मीटर. त्यावर, उदाहरणापुरते, 600 मीटर धरल्यास 2,246 मीटर, म्हणजे सुमारे 7,369 फूट होतात. आकडा नेहमी वरच्या शंभराकडे नेला जातो, म्हणून 7,400 फूट. (हे केवळ गणिताचे स्वरूप दाखविण्यासाठी; प्रत्यक्ष तक्त्यातील आकड्यात इतर घटकही येतात.)

विमानतळाभोवतीच्या 25 सागरी मैल त्रिज्येच्या वर्तुळाचे विभाग पाडून प्रत्येकाची किमान उंची दिली जाते. विभागाच्या सीमेबाहेरचा पाच सागरी मैलांचा पट्टाही त्यात हिशेबात घेतात, कारण सीमेवरून जाणाऱ्या विमानाला रेषेपलीकडचा डोंगर तितकाच जवळचा असतो. रडारने दिशा देण्यासाठीचा तक्ता याहून बारीक असतो. त्यातील भाग वेडेवाकडे असतात. एखादे एकाकी उंच शिखर स्वतंत्र भागात बंदिस्त केले जाते, म्हणजे त्याच्यापायी भोवतालच्या सगळ्या प्रदेशाची किमान उंची वाढत नाही. उंची सर्वत्र वाढविली तर विमान धावपट्टीजवळ फार वर राहते व अखेरीस तीव्र उताराने खाली आणावे लागते, तोही धोकाच. उलट भाग फार बारीक केले तर वेगाने सरकणाऱ्या विमानाबाबत नियंत्रकाला क्षणोक्षणी नवा आकडा पाहावा लागतो. या दोहोंतील तोल सूत्राने निघत नाही. तेथे आखणी करणाऱ्याची विवेकबुद्धीच उपयोगी पडते.

उंचीमापकाची मर्यादा

विमानातील उंचीमापक प्रत्यक्षात उंची मोजत नाही. तो हवेचा दाब मोजतो आणि प्रमाणित वातावरण गृहीत धरून त्याचे उंचीत रूपांतर करतो. हवा थंड असेल तर ती दाट होते व दाबाचे थर एकमेकांजवळ येतात. अशा वेळी उंचीमापक खऱ्याहून अधिक उंची दाखवितो. ढोबळ हिशेब असा, की तापमान प्रमाणाहून दर 10 अंश सेल्सियस कमी असल्यास सुमारे चार टक्के चूक होते. तापमान 30 अंशांनी कमी असेल, तर दाबाची नोंद देणाऱ्या केंद्रापासून 5,000 फूट वर असल्याचे दाखविणारे विमान सुमारे 600 फूट खाली असते. हजार फुटांच्या गादीतील निम्म्याहून अधिक भाग असा नुसत्या थंडीने खाल्ला जातो. म्हणूनच थंड प्रदेशात तापमानानुसार दुरुस्त केलेल्या किमान उंच्या नियंत्रकाला पुरविणे ही विमान वाहतूक यंत्रणेची जबाबदारी मानली आहे.

जबाबदारी कोणाची

जमिनीशी टक्कर टाळणे हे सर्वसाधारणपणे नियंत्रकाचे काम नाही, ही गोष्ट अनेकांना अनपेक्षित वाटते. आंतरराष्ट्रीय कार्यपद्धतीनुसार ते वैमानिकाचे काम आहे. अपवाद महत्त्वाचा आहे : उपकरणांच्या आधारे उडणाऱ्या विमानाला नियंत्रक रडारने दिशा देऊन प्रसिद्ध मार्गावरून बाजूला नेतो, तेव्हा वैमानिकाच्या हातातील नकाशा निरुपयोगी होतो. त्या क्षणापासून मोकळे अंतर राखणे नियंत्रकावर येते.

ही सीमारेषा अस्पष्ट राहिली तर काय होते, हे 1 डिसेंबर 1974 रोजी अमेरिकेत दिसून आले. वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळाकडे येणाऱ्या टीडब्ल्यूए 514 या विमानाला, ते धावपट्टीपासून सुमारे 44 मैल दूर असताना, उतरण्याच्या मार्गक्रमणाची अनुमती मिळाली. तीत उंचीची कोणतीही अट नव्हती. अनुमती मिळाली त्याअर्थी खालचा प्रदेश मोकळा असणार, असे वैमानिकांनी गृहीत धरले. प्रसिद्ध मार्गावर पोहोचेपर्यंत उंची वैमानिकच सांभाळील, असे नियंत्रकाने. विमान 1,800 फुटांकडे उतरू लागले आणि व्हर्जिनियातील माउंट वेदरवर सुमारे 1,670 फूट उंचीवर आदळले. 92 जण दगावले. नकाशावरील 3,400 फुटांचा आकडा वैमानिकांच्या नजरेस आला होता, त्यावर त्यांच्यात बोलणेही झाले होते. दोष कोणाचा, याविषयी चौकशी मंडळाच्या सदस्यांतही एकमत होऊ शकले नाही. निर्णय तीन विरुद्ध दोन असा झाला. त्यानंतर नियम बदलला : विमान प्रसिद्ध मार्गावर स्थिर होईपर्यंत कोणती उंची राखावयाची, हे नियंत्रकाने अनुमतीतच सांगावयाचे.

रडार नसताना आणि असतानाही

7 जुलै 1962 च्या रात्री मुंबईकडे येणारे अलिटालियाचे डीसी-8 विमान जुन्नरजवळच्या डोंगरावर सुमारे 3,600 फुटांवर आदळून 94 जण ठार झाले. आपण मुंबईच्या अधिक जवळ आहोत असे समजून वैमानिक वेळेआधी खाली उतरला होता. विहित किमान सुरक्षित उंचीचे उल्लंघन आणि भूप्रदेशाचा अपरिचय ही कारणेही चौकशीत नोंदली गेली. नियंत्रकाला विमान दिसत नसेल, तर वैमानिक सांगेल तेच त्याच्या लेखी स्थान असते. काठमांडूला 1992 मध्ये रडार नव्हते. 31 जुलै रोजी थाई एअरवेजचे विमान दक्षिणेऐवजी उत्तरेकडे जात असल्याचे ना वैमानिकांच्या वेळीच लक्षात आले, ना नियंत्रकाच्या. ते सुमारे 11,500 फुटांवर पर्वतावर आदळले व 113 जण गेले. 28 सप्टेंबरला पाकिस्तान इंटरनॅशनलचे विमान टप्प्याटप्प्याने दिलेल्या प्रत्येक उंचीच्या खाली उतरत राहिले. तेथे 167 जणांचा मृत्यू झाला. पुढे जपानच्या साहाय्याने काठमांडूला रडार बसविण्यात आले.

रडारबरोबर संगणकीय इशाराही आला. विमान किमान उंचीखाली जात असल्याचे संगणक ताडतो व नियंत्रकाला सावध करतो. मात्र डोंगराळ भागात असे इशारे विनाकारणही वाजतात आणि नियंत्रक त्यांना कंटाळतात. ग्वाम बेटावर अनावश्यक इशारे टाळण्यासाठी ही यंत्रणा रडारभोवतीच्या 54 सागरी मैलांत बंद ठेवण्यात आली होती. ती चालू होती ती त्यापलीकडच्या एका मैलाच्या कड्यात, समुद्रावर. 6 ऑगस्ट 1997 रोजी कोरियन एअरचे 801 हे विमान तेथील निमिट्झ टेकडीवर आदळले आणि 228 जण मृत्युमुखी पडले. यंत्रणा चालू असती तर आघाताच्या एक मिनिटाहून थोडे अधिक आधी इशारा मिळाला असता, असे चौकशीत आढळले.