आधी धूळ मोजा
श्रम आणि आरोग्य : लेखांक ५

मागच्या लेखात आपण सूतगिरण्यांतल्या कापसाच्या धुळीने होणाऱ्या श्वासविकाराचा विचार केला. तो विकार निदान सुरुवातीच्या काळात तरी काम सुटले की ओसरतो. सिलिकोसिसचे तसे नाही. दगड फोडताना, खडी पाडताना, ओतकामाच्या साच्यातली वाळू झाडताना गारगोटीची, म्हणजे स्फटिकरूप सिलिकेची धूळ उडते. डोळ्यांना दिसणारी जाड धूळ बहुतांशी नाकाघशातच अडते. घात करतात ते साधारण पाच मायक्रॉनहून लहान, न दिसणारे कण. ते थेट वायुकोशांत पोहोचतात. तिथल्या संरक्षक पेशी त्यांना गिळतात, पण पचवू शकत नाहीत. पेशी मरतात, कण पुन्हा मोकळे होतात, दाह चालू राहतो आणि मऊ फुप्फुसात निबर गाठी धरत जातात. काम सोडल्यावरही हा आजार वाढू शकतो, आणि झालेली हानी भरून काढणारे औषध आज उपलब्ध नाही. जो आजार बरा होत नाही पण टाळता मात्र येतो, त्याच्याशी लढताना रुग्ण सापडण्याची वाट पाहणे हीच मूळ चूक आहे, असे माझे म्हणणे आहे.

हा रुग्ण सहसा सापडतच नाही, याला कारणे आहेत. नेहमीच्या प्रकारात आजार दिसायला दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो, तोवर कामगार तीन ठिकाणी काम करून चौथीकडे गेलेला असतो. खोकला, धाप, घटणारे वजन ही लक्षणे क्षयासारखीच, त्यामुळे अनेकांना केवळ क्षयाचे औषध मिळते. सिलिकेने दुबळ्या झालेल्या फुप्फुसाला क्षय सहज गाठतो, त्यामुळे गुंता आणखी वाढतो. धूळ फार दाट असेल तर मात्र दहा वर्षेही लागत नाहीत. मध्य प्रदेशातल्या अलीराजपूर, झाबुआ, धार या जिल्ह्यांतले आदिवासी मजूर गुजरातेत गोध्रा परिसरातल्या गारगोटी दळणाऱ्या कारखान्यांत गेले आणि ऐन तारुण्यात आजारी होऊन गावी परतले. कारखाना एका राज्यात, मृत्यू दुसऱ्या राज्यात. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने गुजरात सरकारला २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याचा आदेश दिला. न्याय मिळाला, पण तो वारसांना. राजस्थानने २०१९ मध्ये या आजारासाठी स्वतंत्र धोरण आणून रुग्णाला आणि त्याच्या कुटुंबाला अर्थसाहाय्याची तरतूद केली. ते पाऊल स्वागतार्हच आहे, तरी तेही फुप्फुस गेल्यानंतरचे आहे.

धूळ मात्र आजच्या आज मोजता येते. अमेरिकेने २०१६ मध्ये सिलिकेसाठी ठरवलेली मर्यादा आठ तासांच्या सरासरीने एका घनमीटर हवेत ५० मायक्रोग्रॅम आहे. कष्टाचे काम करणारा माणूस एका पाळीत सुमारे दहा घनमीटर हवा आत घेतो. म्हणजे दिवसाला जेमतेम अर्धा मिलिग्रॅम, मिठाचे आठ-दहा कण. एवढ्याशाने काय होते, हे नजरेने ठरवता येत नाही, म्हणूनच उपकरण लागते. मोजल्यावर उपायही गूढ नाहीत. दगड ओला ठेवून फोडणे, क्रशर आणि पट्टे झाकून घेणे, धूळ उठते तिथेच ती ओढून घेणे, कोरडे झाडणे बंद करणे. जिथे हे पुरत नाही तिथे पदार्थच बदलावा लागतो. ब्रिटनने ओतीव भाग वाळूच्या माऱ्याने साफ करण्यावर १९४९ मध्येच बंदी घातली. ऑस्ट्रेलियाने स्वयंपाकघरातल्या ओट्यांसाठी वापरला जाणारा कृत्रिम दगड १ जुलै २०२४ पासून बंद केला.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो : मास्क दिले तरी कामगार घालत नाहीत, वर विड्या ओढतात. विडीने फुप्फुसाचे हाल वाढतात हे खरे, पण सिलिकोसिसच्या गाठी विडीने होत नाहीत. तोंडाला बांधलेला गमछा सूक्ष्म कण अडवत नाही, आणि घट्ट बसणारा योग्य मास्क उन्हात, घामात, अंगमेहनतीत पूर्ण पाळीभर टिकवणे अवघड असते. मास्क हवाच, पण धूळ रोखण्याचे सगळे उपाय केल्यावर, शेवटचा. दुसरा आक्षेप खर्चाचा. छोट्या क्रशरमालकाची अडचण खोटी नाही. मात्र पाण्याचे फवारे आणि आच्छादन ही दगडाच्या धंद्याला न पेलणारी यंत्रणा नव्हे. आज तो खर्च वाचतो असे वाटते, कारण त्याची भरपाई मजुराचे घर करते : आधी कर्ज काढून, मग मिळवता माणूस गमावून.

कायद्याला हा आजार अनोळखी नाही. १९४८च्या कारखाना कायद्यातच सिलिकोसिसची नोंद झाली आणि तो आढळल्यास कळवणे बंधनकारक करण्यात आले. पण कळवायचे ते आजार झाल्यावर, आणि ज्याचे नाव हजेरीपटावरच नाही त्याच्याबद्दल कळवणार कोण? कोल्हापूरच्या फाउंड्र्या असोत की गावोगावचे खडी क्रशर, परवाना देताना आणि नूतनीकरण करताना हवेतल्या सिलिकेची स्वतंत्र मोजणी सक्तीची करावी, आणि तिचा आकडा कामगारांना वाचता येईल असा फाटकावर लावावा. आकडा मर्यादेबाहेर असेल तर तो खाली येईपर्यंत यंत्र थांबावे. यासाठी एकाही कामगाराला आधी आजारी पडून पुरावा द्यावा लागत नाही.