त्र्याऐंशी घोडे आणि पसरणीचा घाट

गेल्या वर्षी नवरात्रात आम्ही वाईहून पाचगणीला निघालो होतो. गाडीत मी, बायको, मुलगी आणि मागच्या सीटवर अठ्ठ्याहत्तर वर्षांचे बाबा. पसरणीच्या घाटात सिमेंटच्या गोण्यांनी भरलेला एक टेम्पो पुढे रांगत होता. जरा सरळ रस्ता दिसला म्हणून मी बाहेर काढली, पाय पूर्ण दाबला, आणि गाडी घुमली पण पुढे सरकेना. वळणावरून समोर एसटी आली. ब्रेक मारून कशीबशी पुन्हा टेम्पोच्या मागे घुसलो. कुणीच काही बोललं नाही. पाचगणीत चहा पिताना बाबांनी एवढंच विचारलं, "गिअर कुठला होता रे?"

मला तो प्रश्न टोमण्यासारखा वाटला. दोष गाडीचाच आहे, तिच्यात दम नाही, असं माझं ठाम मत झालं होतं. पुण्याला परतल्यावर मी एका गॅरेजात गेलो. तिथला मुलगा उत्साही होता. "साहेब, मॅप मारून देतो. सहा घोडे वाढतील. पंचवीस हजार." मॅप मारायचा म्हणजे इंजिनाच्या संगणकातले आकडे बदलायचे. सहा घोडे पंचवीस हजारांना, म्हणजे घोडा चार हजारांहून थोडा महाग. पैसे देण्याआधी हा घोडा नेमका काय असतो ते पाहावं, असं वाटलं. हा लेख त्या शोधाचा आहे.

अश्वशक्ती हा शब्द जेम्स वॉटचा. अठराव्या शतकाच्या शेवटी त्याला वाफेची इंजिनं विकायची होती आणि गिऱ्हाइकांकडे होते गिरणी फिरवणारे घोडे. 'हे यंत्र किती घोड्यांचं काम करील?' या प्रश्नाला आकड्यात उत्तर हवं होतं. त्यानं हिशेब मांडला : एक घोडा मिनिटाला ३३,००० पौंड वजन एक फूट उचलण्याइतकं काम करतो. आपल्याकडे गाड्यांच्या माहितीपत्रकात बहुधा मेट्रिक अश्वशक्ती असते : सेकंदाला ७५ किलो वजन एक मीटर वर, म्हणजे सुमारे ७३५ वॉट. मोट पाहिलेल्यांना हे लगेच उमजेल. दीडशे लिटरची मोट दहा मीटर खोल विहिरीतून वीस सेकंदांत वर आली, तर बरोबर एक अश्वशक्ती झाली. यात 'किती वजन' इतकंच 'किती वेळात' महत्त्वाचं आहे. अश्वशक्ती म्हणजे निव्वळ जोर नव्हे. जोर गुणिले वेग.

इंजिनाच्या बाबतीत जोर म्हणजे टॉर्क, फिरवण्याची ताकद. चाकाचा नट लांब पान्यानं सोडवताना हाताला जाणवते तीच. आणि वेग म्हणजे मिनिटाला किती फेऱ्या. माझ्या गाडीचं इंजिन १,१९७ सीसीचं, चार सिलिंडरचं. जास्तीत जास्त टॉर्क ४,२०० फेऱ्यांवर ११३ न्यूटन मीटर. जास्तीत जास्त शक्ती ६,००० फेऱ्यांवर ८३ घोडे. टॉर्कला फेऱ्यांनी गुणून ७,०२४ नं भागलं की घोडे मिळतात. म्हणजे टॉर्क सर्वांत जास्त असतो तेव्हा घोडे असतात साधारण ६८. सहा हजारांवर टॉर्क उतरून ९७ च्या आसपास येतो, तरी फेऱ्या वाढल्यामुळे घोडे ८३ होतात.

हे १,१९७ सीसी कुठून आले, तेही सांगण्यासारखं आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात लहान गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आलं. लहान गाडी म्हणजे लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १,२०० सीसीपर्यंत. तेव्हापासून आपल्या रस्त्यांवर १,१९७, १,१९८, १,१९९ सीसीची इंजिनं दिसू लागली. २०२५ च्या सप्टेंबरात जीएसटी कमी झाला तेव्हाही रेषा तीच राहिली. मध्यमवर्गीय इंजिनाचा आकार असा अर्थखात्यानं ठरवला आहे.

बाबांची पहिली गाडी होती प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्यात बनलेली. इंजिन १,०८९ सीसीचं, चार सिलिंडरचंच, शक्ती सुमारे चाळीस घोडे. म्हणजे जवळपास तेवढ्याच आकारात आज दुप्पट घोडे आहेत. ते आले कुठून?

मुख्यतः हवेतून. एक भाग पेट्रोल नीट जळायला वजनानं सुमारे १४.७ भाग हवा लागते. पेट्रोल हवं तेवढं ओतता येतं. अडतं ते हवेपाशी. माझं इंजिन ६,००० फेऱ्यांवर मिनिटाला जास्तीत जास्त साडेतीन हजार लिटर हवा ओढू शकतं. तिच्या जोडीला जळतं सुमारे चारशे मिलिलिटर पेट्रोल. त्यातल्या उष्णतेपैकी तीसेक टक्के फिरण्याच्या कामी येते, बाकी रेडिएटर आणि सायलेन्सरवाटे निघून जाते. तेव्हा घोडे वाढवायचे मार्ग मोजकेच : हवा जास्त आत घ्या, तिला जास्त दाबा, किंवा मिनिटाला जास्त वेळा जाळा.

पद्मिनीच्या सिलिंडरला दोन झडपा होत्या, आजच्याला चार आहेत. तिथे कार्ब्युरेटर होता, इथे संगणक दर ठिणगीला इंधन मोजतो. झडपा उघडण्याची वेळ आता वेगाप्रमाणे बदलते. मिश्रण दहा-अकरा पट दाबता येतं. कारण पेट्रोल सुधारलं, आणि अवेळी स्फोट होऊ लागला की तो 'ऐकून' ठिणगी मागे घेणारा सेन्सर बसला. या अवेळी स्फोटाला गॅरेजात 'नॉकिंग' म्हणतात. ऑक्टेन आकडा म्हणजे नॉकिंग न होता पेट्रोल किती दाब सोसेल त्याचं माप. पंपावरच्या महाग पेट्रोलात जास्त घोडे नसतात. इंजिन त्या दाबासाठी बांधलेलं असेल तरच फायदा.

थोडक्यात, गॅरेजवाला जे विकतो त्यातलं बरंचसं कारखान्यानं आधीच काढून घेतलं आहे. टर्बोची गोष्ट वेगळी. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर पंखा फिरवून हवा आत कोंबायची, ही कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखीनं १९०५ मध्ये पेटंट केली. टर्बो इंजिनात संगणकाचे आकडे बदलले की हवेचा दाबच वाढतो, म्हणून तिथे फरक मोठा पडतो. माझ्या इंजिनात हवा वातावरणाच्या दाबानंच येते. बाहेरून टर्बो बसवावा, तर पिस्टन, क्लच, रेडिएटर, ब्रेक सगळंच ८३ घोड्यांच्या हिशेबानं बांधलेलं. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे : नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतं. वॉरंटी आणि विमा यांवर गदा येते ती निराळीच.

हवेचाच मुद्दा पुढे नेला आणि मला हसू आलं. उंचीवर हवा विरळ होते. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर. इथे हवा सुमारे पाच टक्के विरळ, म्हणजे चार घोडे रोजच गैरहजर. पाचगणी तेराशे मीटरच्या आसपास. तिथे बारा टक्के, म्हणजे दहा घोडे कमी. पंचवीस हजारांत जे सहा घोडे मिळणार होते, त्यातले चार रत्नागिरीला गेलो की फुकट मिळतात.

मग मी त्या दिवसाचा हिशेब मांडला. माणसं-सामान धरून गाडी बाराशे किलोची. चढ शंभर मीटरला सहा मीटर धरला. वेग ताशी ४०. एवढं वजन वर चढवायला लागतात जवळजवळ अकरा घोडे. टायर आणि वारा मिळून तीन, एसीचे दोन-तीन, गिअरबॉक्समधली झीज दोन. एकूण अठराच्या आसपास. मी होतो चौथ्या गिअरमध्ये. तिथे इंजिनाच्या फेऱ्या १,५०० सुद्धा जेमतेम. पाय कितीही दाबला तरी तेवढ्या फेऱ्यांवर हे इंजिन वीसच घोडे देऊ शकतं. घाटाच्या उंचीनं त्यातले दोन खाल्ले. उरले अठरा. ओव्हरटेक करायला माझ्याकडे शिल्लक होतं शून्य.

तोच वेग दुसऱ्या गिअरमध्ये असता, तर फेऱ्या तीन हजारांच्या वर, घोडे उंचीची वजावट करून चाळीसच्या पुढे, आणि शिल्लक पंचवीस. मॅप मारला असता तर चौथ्या गिअरमध्ये वाढला असता फार तर दीड घोडा.

बाबांचा प्रश्न टोमणा नव्हता. सगळ्या हिशेबाचं उत्तर त्यात होतं. चाळीस घोड्यांच्या पद्मिनीत पाच माणसं घालून ते हाच घाट चढत, स्टिअरिंगजवळचा दांडा वेळेआधीच खाली ओढत. इंजिनाचा आवाज वाढला की मी लहानपणी घाबरायचो. "ओरडू दे तिला," ते म्हणायचे, "गुरगुरली की समजायचं दमली." पुढे पेट्रोल वाचवण्याच्या नादात मी लवकरात लवकर वरचा गिअर टाकायला शिकलो. सपाटीवर ते बरोबरच आहे. घाटात मात्र ती सवय चौघांच्या जिवाशी आली होती.

गॅरेजात पुन्हा गेलो. मळलेला एअर फिल्टर बदलला. टायर पाच वर्षांचे झाले होते, ते चारही नवे घेतले आणि ब्रेक तपासून घेतले. तो मुलगा जरा हिरमुसला. पण बिल झाल्यावर त्यानंच सांगितलं की त्याच्या स्वतःच्या गाडीला मॅप नाही.

यंदा पुन्हा पाचगणीला गेलो. पसरणीच्या पायथ्याशीच मी गिअर उतरवला. इंजिन ओरडलं, मुलीनं कानांवर हात ठेवले. मागे बाबांचा डोळा लागला होता.